बीबीएसला जोडून घेण्यासाठी कोणते टर्मिनल सॉफ्टवेअर निवडावे?

प्रश्न — लुकलुकता_कर्सर

नमस्कार. गेल्या महिन्यापासून मी आजही इंटरनेटवर चालू असलेल्या काही बीबीएसवर, म्हणजे केवळ अक्षरांच्या पडद्यावर संदेश आणि फाइलींची देवाणघेवाण करणाऱ्या बुलेटिन बोर्डांवर, नियमितपणे जाऊ लागलो आहे. बोर्डांचे पत्ते सहज मिळतात, पण त्यांच्याशी नीट बोलणारे सॉफ्टवेअर कोणते, हे ठरवताना माझी चांगलीच अडचण होते आहे, म्हणून अनुभवी मंडळींना विचारतो आहे.

माझ्याकडे विंडोजचा लॅपटॉप आणि लिनक्सचा डेस्कटॉप असे दोन संगणक आहेत. लॅपटॉपवर पुटी हे दूरच्या संगणकाशी जोडून देणारे टर्मिनल सॉफ्टवेअर आधीपासून होते, म्हणून सुरुवात त्यानेच केली. पहिल्याच बोर्डाचे स्वागताचे पान उघडले तेव्हा जिथे चौकटीच्या रेघा असायला हव्यात तिथे डोक्यावर दोन टिंबे असलेल्या रोमन ए या अक्षराची लांबच लांब रांग दिसली, आणि जिथे भरीव रंगाचे ठोकळे असावेत तिथे डोक्यावर टोपी घातलेले यू दिसले. लिनक्सच्या साध्या टर्मिनलातून टेलनेट या जोडणीच्या जुन्या पद्धतीने गेलो, तर त्याच जागी प्रश्नचिन्हे आली.

याखेरीज आणखी दोन अडचणी आहेत. पहिली अशी की काही बोर्डांवर बॅकस्पेस दाबल्यावर अक्षर खोडले जात नाही. दुसरी अशी की एक फाइल डाउनलोड करण्यासाठी मी झेडमोडेम ही फाइल पाठवण्याची पद्धत निवडली, तेव्हा पडद्यावर दोन तारका, त्यापुढे बी आणि त्यापुढे शून्यांची रांग उमटली आणि सगळे तिथेच थांबले. पुटीतच काही बदल करून भागेल, की बीबीएससाठी वेगळे सॉफ्टवेअर घ्यावे? घ्यायचे झाल्यास ते कशाच्या आधारावर निवडावे?

उत्तर — पंचविसावी_ओळ

आपण जे पाहिले ते इतके नेमके लिहिले आहे की कारण सांगणे सोपे झाले. बोर्डाकडून येणारा मजकूर बरोबरच आहे. तो वाचण्याचा तक्ता चुकीचा लागला आहे. बहुतेक बीबीएस असे गृहीत धरून चालतात की पलीकडे १९८१ च्या आयबीएम पीसीच्या वंशातले यंत्र बसले आहे, त्याचा पडदा ८० स्तंभ आणि २५ ओळींचा आहे आणि त्यात कोडपेज ४३७ हा २५६ चिन्हांचा संच भरलेला आहे. त्या संचात १९६ या क्रमांकावर आडवी रेघ आहे आणि २१९ वर भरीव ठोकळा. पश्चिम युरोपीय भाषांच्या लॅटिन-१ संचात मात्र १९६ म्हणजे दोन टिंबांचा ए आणि २१९ म्हणजे टोपीचा यू. आपल्या पुटीत हा दुसरा संच निवडलेला असणार. लिनक्सचे टर्मिनल यूटीएफ-८ या सर्व लिप्यांसाठीच्या अक्षरसंकेताची अपेक्षा करते, आणि त्या नियमात न बसणारी ही सुटी बाइट दिसली की ते प्रश्नचिन्ह दाखवते.

पुटीतच निभावून न्यायचे असेल तर चार ठिकाणी हात लावावा लागेल. विंडो विभागात ट्रान्स्लेशनखाली दूरच्या यंत्राचा अक्षरसंच म्हणून सीपी४३७ निवडा. खिडकीचा आकार मुळात ८० बाय २४ असतो, तो २५ ओळींचा करा. ही एक ओळ कमी पडली की पूर्ण पडद्याच्या संपादकात तळाची सूचना वर सरकते, पान एका ओळीने फाटल्यासारखे दिसते आणि दोष कशाचा हे तासभर कळत नाही. फॉन्ट असा घ्या की ज्यात चौकटीच्या रेघा एकमेकींना टेकतात, कारण अनेक देखण्या फॉन्टांत दोन ओळींच्या मधे बारीक फट राहते आणि उभ्या रेघेची तुटक रेघ होते. आणि टर्मिनल विभागात कीबोर्डखाली बॅकस्पेससाठी कंट्रोल-एच निवडा. आपली ती अडचण एवढ्यापुरतीच आहे: पुटी त्या कळीसाठी मुळात १२७ क्रमांकाचे चिन्ह पाठवते आणि कित्येक बोर्ड ८ क्रमांकाच्या चिन्हाची वाट पाहत असतात.

एवढे केल्यावर संदेश वाचण्यालिहिण्यापुरते पुटी उत्तम चालते. पण त्यात झेडमोडेम नाही. आपल्या पडद्यावर उमटलेली ती शून्यांची रांग म्हणजे बोर्डाने विचारलेला प्रश्न होता, की मी फाइल पाठवू लागतो, तुम्ही घ्यायला तयार आहात का. आणि पुटीला तो प्रश्न प्रश्न म्हणून ओळखताच येत नाही, त्यामुळे त्याने तो मजकूर समजून छापून टाकला.

म्हणून माझा सल्ला असा की बीबीएसवर नियमित जायचे असेल तर त्याच कामासाठी घडवलेले सॉफ्टवेअर घ्यावे, आणि सुरुवात सिंकटर्मपासून करावी. ते मोफत आहे, मुक्त स्रोताचे आहे आणि विंडोज, लिनक्स, मॅक या तिन्हींवर चालते, म्हणजे आपल्या दोन्ही संगणकांवर सवय एकच राहील. जोडणीचे टेलनेट, आरलॉगिन आणि मजकूर गुप्त ठेवणारे एसएसएच हे तिन्ही मार्ग त्यात आहेत. कोडपेज ४३७ चा फॉन्ट त्याच्या पोटातच असल्यामुळे आपल्या यंत्रावर कोणते फॉन्ट आहेत याचा प्रश्नच उरत नाही. त्याची खरी सोय त्याच्या डायलिंग डिरेक्टरीत आहे, कारण प्रत्येक बोर्डाच्या नोंदीत जोडणीचा प्रकार, पडद्याची मांडणी आणि फॉन्ट वेगवेगळे साठवता येतात. एक बोर्ड आयबीएमच्या अपेक्षेने बोलतो, दुसरा कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकाच्या आणि तिसरा तशाच अटारीच्या, आणि दर वेळी सेटिंग बदलत बसणारा माणूस तिसऱ्या दिवशी कंटाळतो.

सिंकटर्ममध्येही पंचविसाव्या ओळीची एक गोम आहे. ८० बाय २५ ची मांडणी निवडली तरी तळाची एक ओळ त्याच्या स्वतःच्या माहितीपट्टीला जाते आणि बोर्डाच्या वाट्याला २४ च उरतात. नोंदीच्या सेटिंगमध्ये ही पट्टी लपवण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. जोडलेले असताना ऑल्ट-झेड दाबल्यास सगळा मेनू समोर येतो, ऑल्ट-बी ने मागे सरकलेला मजकूर पाहता येतो आणि ऑल्ट-एल ने साठवलेले नाव व पासवर्ड पाठवले जातात. सुरुवातीला एवढ्या तीन कळा पुरतात.

कोणतेही टर्मिनल पारखताना मी आधी एक गोष्ट पाहतो. जोडणी होताच पुष्कळ बोर्ड कर्सर कुठे आहे हे विचारणारा एक अदृश्य संकेत पाठवतात. टर्मिनलाने ओळ आणि स्तंभ कळवले तर बोर्ड त्याला एएनएसआय, म्हणजे रंगांचे आणि कर्सर हलवण्याचे संकेत, समजणारे धरतो आणि रंगीत पान पाठवतो. उत्तर वेळेत आले नाही तर निमूटपणे काळेपांढरे साधे पान समोर येते. त्यामुळे एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये बोर्ड रंगहीन दिसला तर बोर्डाला नावे ठेवण्याआधी हे उत्तर जाते की नाही, याची खात्री करून घ्यावी.

उत्तर — शेवटचा_ब्लॉक

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. मी फक्त फाइलींबद्दल लिहितो, कारण टर्मिनल निवडताना हा भाग लोक शेवटी पाहतात आणि मग पस्तावतात.

वॉर्ड ख्रिस्टेन्सन यांनी १९७७ मध्ये एक्समोडेम ही फाइल पाठवण्याची पद्धत लिहिली आणि पुढच्याच वर्षी, १६ फेब्रुवारी १९७८ रोजी, रँडी सूस यांच्यासह शिकागोत सीबीबीएस हा पहिला बोर्ड सुरू केला. म्हणजे फाइलींची देवाणघेवाण बोर्डांच्याही आधीची आहे. एक्समोडेम १२८ बाइटांचे ठोकळे पाठवते आणि फाइल कितीही लहानमोठी असली तरी शेवटचा ठोकळा भरून काढते. त्यामुळे उतरवलेली फाइल मूळ फाइलपेक्षा काही बाइटांनी मोठी निघते, आणि आकार जुळत नाही म्हणून नवखा माणूस ती पुन्हापुन्हा उतरवत बसतो. मीही सुरुवातीला एका संध्याकाळी एकच फाइल चार वेळा उतरवली होती, आणि चारही वेळा आकार तोच आल्यावर मगच हे ध्यानात आले.

चक फोर्सबर्ग यांचे १९८६ चे झेडमोडेम या बाबतीत फार पुढचे आहे: ते फाइलचे नाव आणि खरा आकार सोबत पाठवते, जोडणी तुटल्यास राहिलेल्या जागेपासून पुढे सुरू करू शकते आणि पलीकडे समजणारे टर्मिनल असल्यास आपण काही न दाबताच सुरू होते. सिंकटर्म तो आरंभसंकेत ओळखून लगेच फाइल घ्यायला लागते. उतरलेली फाइल कुठे ठेवायची ती जागा मात्र सेटिंगमध्ये आधीच देऊन ठेवावी.

टेलनेटमधून फाइल आणताना आणखी एक अडथळा असतो. टेलनेटच्या नियमात २५५ क्रमांकाची बाइट हुकमाची खूण म्हणून राखून ठेवलेली आहे, म्हणून फाइलमध्ये ती आली की पाठवणाऱ्याने ती दोनदा पाठवायची आणि घेणाऱ्याने दोनाची एक करायची असा संकेत आहे. दोघांपैकी एकानेही तो पाळला नाही तर साधा मजकूर बिनबोभाट येतो आणि चित्राची किंवा झिप फाइल मात्र दर वेळी बिघडते. संदेश नीट वाचता येतात म्हणून टर्मिनल चांगले, असा निष्कर्ष काढण्याआधी एक छोटी झिप फाइल उतरवून उघडून पाहा.

पुटीसारखे साधे, पण झेडमोडेम असलेले काही विंडोजवर हवे असेल तर टेरा टर्म पाहा. लिनक्सवर, ज्यांना पूर्ण पडद्याचे जुन्या वळणाचे टर्मिनल आवडते त्यांच्यासाठी कोडेम आहे. ते डॉसच्या काळातल्या क्यूमोडेम या टर्मिनलाच्या धर्तीवर नव्याने लिहिलेले आहे आणि एक्स, वाय, झेड मोडेम व कर्मिट या फाइल पाठवण्याच्या सर्व पद्धती त्यात अंगभूत आहेत.

उत्तर — बंद_पाकीट

एक मुद्दा राहिला, तो थोडक्यात मांडतो. टेलनेटचा नियम १९८३ चा आहे आणि त्यात गुप्ततेची कोणतीही सोय नाही. आपले नाव, पासवर्ड आणि संदेश उघड्या पत्रासारखे प्रवास करतात. आरलॉगिनचेही तेच. त्यामुळे बोर्ड एसएसएच देत असेल तर तोच मार्ग घ्यावा आणि बोर्डासाठीचा पासवर्ड इतर कुठेही वापरलेला नसावा. एसएसएचनेही कधीकधी जोडणी नाकारली जाते, कारण बोर्डाचे सॉफ्टवेअर जुन्या सांकेतिक पद्धती वापरते आणि नव्या टर्मिनलांनी त्या बंद केलेल्या असतात. अशा वेळी आपल्या बाजूची सुरक्षा सैल करण्यापेक्षा बोर्डाच्या सिसॉपला, म्हणजे चालकाला, कळवणे बरे. बहुतेक सिसॉप अशा पत्रांना आपुलकीने उत्तर देतात.

संगणकासोबत येणाऱ्या टेलनेटवर कोणी विसंबू नये, हेही सांगून ठेवतो. विंडोजमध्ये व्हिस्टापासून ते मुळात बंद असते, आणि मॅकवरून ते २०१७ च्या हाय सिएरापासून काढूनच टाकले आहे.

उत्तर — ऐकणारा_पडदा

मी पडदा डोळ्यांनी पाहत नाही, स्क्रीनरीडरच्या मदतीने ऐकतो, आणि बीबीएस हे मला नेहमीच आपलेसे वाटत आले आहे, कारण तिथे जे काही आहे ते अक्षरांत आहे. मात्र टर्मिनलाची निवड चुकली तर हीच अक्षरे माझ्यापर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून ज्यांना माझ्यासारखीच गरज आहे त्यांच्यासाठी हे लिहितो.

सिंकटर्म नेहमीच्या पद्धतीने सुरू केले की ते स्वतःच्या खिडकीत प्रत्येक अक्षर चित्रासारखे रंगवते. पाहणाऱ्याला त्यामुळे हुबेहूब जुना फॉन्ट मिळतो, पण स्क्रीनरीडरच्या दृष्टीने ती खिडकी कोरी असते, कारण चित्रातले ठिपके त्याला वाचता येत नाहीत. यावर उपाय आहे: लिनक्सवर सिंकटर्म कर्सेस पद्धतीने साध्या टर्मिनलाच्या आत चालवता येते, आणि मग मजकूर मजकूर म्हणूनच उरतो व वाचला जातो.

दुसरे असे की बोर्डावर नाव नोंदवताना किंवा नंतर स्वतःच्या सेटिंगमध्ये एएनएसआय रंग आणि चित्रे नकोत असे सांगण्याची सोय बहुधा असते. ती अवश्य वापरावी. एरवी स्वागताच्या पानावरचे शेकडो ठोकळे आणि रेघा एकामागून एक उच्चारल्या जातात आणि लॉगिनचा प्रश्न त्या गर्दीत हरवतो. कर्सर पडद्यावर उड्या मारत राहणारे मेनूही असेच त्रासाचे असतात. जे बोर्ड एकेका अक्षराच्या आज्ञेवर चालतात आणि उत्तर ओळीखाली ओळ असे देतात, त्यांवर माझे काम डोळसांइतक्याच वेगाने होते.

लुकलुकता_कर्सर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पुटीत सीपी४३७ आणि कंट्रोल-एच हे दोन्ही बदल केले, आणि तेच स्वागताचे पान पुन्हा उघडले. दुहेरी रेघांची चौकट चारही कोपऱ्यांत जुळली आणि आत ठोकळ्यांनी काढलेले जहाज होते. महिनाभर मी त्या जहाजाला निरर्थक अक्षरांचा ढीग समजत होतो.

आज दोन्ही संगणकांवर सिंकटर्म घेतले आणि माहितीपट्टी लपवून २५ ओळी मिळवल्या. फाइलही उतरली. आता एक वेगळा प्रश्न आहे. एका बोर्डावर ओळखीचे दोघे मराठी वाचणारे भेटले. तिथे देवनागरीत लिहिता येईल का? मी एक वाक्य चिकटवून पाहिले, तर ग्रीक आल्फा आणि डोक्यावर लहर असलेला एन यांची जोडी पुन्हापुन्हा उमटली.

उत्तर — जोडाक्षर

ती जोडी म्हणजे आपले देवनागरीच आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि त्यांपैकी पहिली बाइट नेहमी २२४ व दुसरी १६४ किंवा १६५ असते. कोडपेज ४३७ मध्ये २२४ म्हणजे आल्फा आणि १६४ म्हणजे लहरीचा एन. तिसरी बाइट तेवढी बदलते, म्हणून दर तिसऱ्या जागी वेगळे चिन्ह दिसले असेल. मजकूर शाबूत गेला आहे, फक्त तो दाखवणारा तक्ता आयबीएमचा आहे.

तक्ता बदलून यूटीएफ-८ लावला तरी निम्मेच काम होते. टर्मिनल हा चौकोनांचा तक्ता असतो आणि एका चौकोनात एक चिन्ह हा त्याचा पाया आहे. "क्षि" हे आपण एक अक्षर म्हणून वाचतो, पण साठवणीत ते क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी अशी चार चिन्हे आणि बारा बाइट असते. शिवाय वेलांटी साठवताना शेवटी असली तरी दाखवताना ती आधी यायला हवी. हे अक्षर किती चौकोन व्यापते यावर बोर्ड आणि टर्मिनल यांचे एकमत झाले नाही की कर्सर भलत्या जागी जातो, आणि बॅकस्पेस दाबल्यावर पडद्यावर खोडलेले एक आणि प्रत्यक्षात खोडलेले दुसरेच अशी अवस्था होते. बोर्ड बाइट मोजून ओळ तोडत असेल तर ८० स्तंभांच्या ओळीत देवनागरीची जेमतेम २६ चिन्हे बसतात, आणि सत्ताविसावे मधोमध फुटते.

लिपी वेगळी असली तर बीबीएस चालूच शकत नाही, असे मात्र मुळीच नाही. तैवानचा पीटीटी हा बोर्ड राष्ट्रीय तैवान विद्यापीठात १९९५ मध्ये सुरू झाला आणि तो चिनी लिपीत आजतागायत चालू आहे. तिथे दोन बाइटांचे अक्षर नेमके दोन चौकोन व्यापते, म्हणून तक्त्याचा हिशेब जुळतो, आणि हा हिशेब ओळखणारी टर्मिनलेही त्या वाचकांनी स्वतःसाठी घडवली. देवनागरीची रुंदी अशी ठरावीक नसते, हीच आपली खरी अडचण आहे.

तूर्त व्यवहार्य मार्ग असा: त्या बोर्डाच्या सिसॉपला तिथे यूटीएफ-८ चालते का ते विचारा. चालत असल्यास मजकूर बाहेरच्या संपादकात ओळी लहान ठेवून लिहा, पूर्ण तपासा आणि मगच पाठवा, म्हणजे बोर्डावर कर्सर मागेपुढे नेण्याची वेळ येणार नाही. वाचतानाही तो संदेश ऑल्ट-सी ने फाइलमध्ये टिपून घेऊन दुसऱ्या संपादकात यूटीएफ-८ म्हणून उघडला तर जोडाक्षरे नीट दिसतात. मी अशाच पद्धतीने लांब पत्रे लिहिली आहेत आणि ती पोहोचलीही आहेत.

लुकलुकता_कर्सर

सिसॉपला आजच लिहितो. आणखी एकच शंका: नोंदवलेल्या तिसऱ्या बोर्डावर सगळी कॅपिटल अक्षरे लहान आणि लहान अक्षरे कॅपिटल दिसत आहेत, आणि ओळीही अर्ध्यावरच तुटत आहेत.

उत्तर — पंचविसावी_ओळ

तो कमोडोरचा बोर्ड आहे. त्यांच्या पेटस्की संचात लहानमोठ्या अक्षरांच्या जागा आपल्या नेहमीच्या संचाच्या उलट असतात आणि पडदा ४० स्तंभांचा असतो. सिंकटर्ममध्ये त्या एका नोंदीपुरती पडद्याची मांडणी सी-६४ करा, फॉन्टही कमोडोरचाच लागला आहे ना ते पाहा आणि पुन्हा जोडा.

लुकलुकता_कर्सर

जोडले. निळ्या पडद्यावर, ४० स्तंभांत, सगळे जागच्या जागी आहे.